आर्म की रिस्क-फाइव्ह? नवीन बोर्ड काढणाऱ्यांसाठी, सरकारांची भांडणंही हिशोबात धरून

हल्ली हा प्रश्न सगळीकडून येतो. कोणी शेतीपंपाचे ऑटो स्टार्टर बनवतं, कोणी एनर्जी मीटर, कोणी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे, आणि सगळ्यांचं म्हणणं साधारण असं की प्रोसेसरची आर्म ही जात परदेशी कंपनीची, उद्या अमेरिकेने काही वटहुकूम काढला तर आपण लटकणार, त्यापेक्षा रिस्क-फाइव्ह फुकट आहे, सगळ्यांची आहे, तिकडेच जाऊ का? माझं मत आधीच सांगून टाकतो. भीती खरी आहे, उगाच कोणी घाबरवत नाहीये, पण ती चुकीच्या जागी धरलीय. तुमचा माल अडला तर तो बहुतेक वेळा चिप बनवणाऱ्या कंपनीपाशी, ती जिथे भाजली जाते त्या फॅबपाशी, नाहीतर आपल्याच सरकारच्या सर्टिफिकेटपाशी अडेल. इन्स्ट्रक्शन सेटपाशी, म्हणजे आर्म की रिस्क-फाइव्ह ह्यापाशी, अडण्याची शक्यता छोट्या प्रॉडक्टवाल्याला सगळ्यात कमी. त्यामुळे तुलना करायची तर नुसत्या दोन नावांची करून भागत नाही.

आधी थोडक्यात ओळख. प्रोसेसरला ज्या आज्ञा कळतात (बेरीज कर, इथून उचल, तिथे ठेव) त्यांची ठरलेली यादी म्हणजे इन्स्ट्रक्शन सेट. आर्मची यादी आर्म कंपनीच्या मालकीची. केंब्रिजच्या एकॉर्नमध्ये सोफी विल्सन आणि स्टीव्ह फर्बर यांनी केलेली पहिली चिप १९८५ मध्ये चालली, १९९० मध्ये वेगळी कंपनी निघाली, २०१६ मध्ये जपानच्या सॉफ्टबँकेने ती घेतली आणि २०२३ मध्ये शेअर अमेरिकेच्या नॅसडॅकवर आला. ब्रिटिश कंपनी, जपानी मालक, अमेरिकन शेअरबाजार, हे लक्षात असू द्या. एसटी, एनएक्सपी, टीआय वगैरे चिप बनवणारी मंडळी आर्मला लायसन्स फी आणि चिपमागे रॉयल्टी देतात, आपण एसटीची एसटीएम३२ चिप घेतो तेव्हा ते पैसे किमतीत आलेलेच असतात, वेगळे काही भरायचे नसतात.

रिस्क-फाइव्ह २०१० मध्ये कॅलिफोर्नियातल्या बर्कले विद्यापीठात सुरू झाली, क्रस्टे असानोविच, त्यांचे विद्यार्थी अँड्र्यू वॉटरमन आणि युनसप ली, सोबत डेव्हिड पॅटरसन. यादी सगळ्यांना मोकळी, वापरायला लायसन्स फी नाही. पण यादी मोकळी आहे म्हणून चिप फुकट मिळत नाही, आणि चिपच्या आतलं डिझाइन उघडं असेल असंही नाही. ती यादी वापरून कोणीही आपला प्रोसेसर करून कुलूपबंद ठेवू शकतो, विकू शकतो, आणि बाजारातल्या बहुतेक रिस्क-फाइव्ह चिप अशाच आहेत.

आर्म आणि सरकारं

आर्मवाल्यांना भीती वाटते ती २०१९ पासून. त्या वर्षीच्या मे महिन्यात अमेरिकेने चीनच्या हुवावेला एंटिटी लिस्टवर (ज्यांना परवानगीशिवाय अमेरिकन तंत्रज्ञान द्यायचं नाही अशांच्या यादीवर) टाकलं आणि आठवडाभरात बातमी आली की आर्मने आपल्या लोकांना हुवावेसोबतचं काम थांबवायला सांगितलंय. कंपनी ब्रिटिश असून थांबवलं, कारण डिझाइनमध्ये अमेरिकेत तयार झालेलं तंत्रज्ञान मिसळलेलं होतं आणि अमेरिकेचे एक्स्पोर्टचे नियम मालाच्या पाठोपाठ जगभर जातात. काही महिन्यांनी, ऑक्टोबरमध्ये, आर्मने सांगितलं की त्यांचं व्ही८ आणि पुढचं आर्किटेक्चर, म्हणजे यादीच्या नव्या आवृत्त्या, ब्रिटिश मुळाचं आहे, त्यामुळे हुवावेला देता येतं. पण मधल्या काळात जगातल्या प्रत्येक चिपवाल्याला जे कळायचं ते कळलं.

मग २०२२ च्या डिसेंबरमध्ये बातमी आली की आर्मचे सर्व्हरसाठीचे सगळ्यात ताकदवान निओव्हर्स व्ही मालिकेचे कोअर (चिपमधला आज्ञा पाळणारा मुख्य भाग) चीनच्या अलिबाबाला मिळणार नाहीत, कारण ब्रिटन आणि अमेरिका एक्स्पोर्ट लायसन्स देणार नाहीत असा कंपनीचाच अंदाज. आता हे बघा: त्याच व्ही मालिकेतला व्ही१ कोअर आपल्या सी-डॅक ह्या सरकारी संगणक संस्थेने औम नावाच्या सुपरकॉम्प्युटर प्रोसेसरसाठी घेतलाय, ९६ कोअर, तैवानच्या टीएसएमसीकडे ५ नॅनोमीटरवर करायचा आराखडा. म्हणजे जे चीनला नाही ते भारताला चालतं, आज तरी. 'आज तरी' हे मी मुद्दाम म्हणतोय, कारण जानेवारी २०२५ मध्ये बायडन सरकारने जाता जाता एआय चिपसाठी जो नियम काढला त्यात मोकळीक दिलेल्या १८ देशांच्या यादीत भारत नव्हताच, मधल्या गटात मर्यादा लावून ठेवला होता, आणि मे महिन्यात लागू व्हायच्या तोंडावर ट्रम्प सरकारने तो नियम मागे घेतला. चार महिन्यांत आत-बाहेर. अशा हवेत पाच-सात वर्षं चालणारं प्रॉडक्ट डिझाइन करायचं असतं आपल्याला.

सरकारं मध्ये पडली की वाईटच होतं असंही मी म्हणणार नाही. एनव्हिडिया ह्या चिप कंपनीने २०२० मध्ये आर्मला ४० अब्ज डॉलरला घ्यायचं ठरवलं होतं. ब्रिटन आणि युरोपने चौकशी लावली, अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने डिसेंबर २०२१ मध्ये दावा ठोकला, फेब्रुवारी २०२२ मध्ये व्यवहार मोडला. झालं ते बरं झालं असं मला मनापासून वाटतं. सगळ्यांना यादी देणारी कंपनी एकाच चिपवाल्याच्या खिशात गेली असती तर त्याचे भोग शेवटी आपल्यासारख्या लहान लोकांपर्यंत आले असते.

आणि अडवायला सरकारच लागतं असं नाही. मोबाइलच्या चिप करणाऱ्या क्वालकॉमने नुव्हिया ही प्रोसेसर डिझाइन करणारी कंपनी घेतली, त्यावरून आर्मने २०२२ मध्ये क्वालकॉमवर केस टाकली, ऑक्टोबर २०२४ मध्ये तर लायसन्स रद्द करायची ६० दिवसांची नोटीस दिली. नोटीस नंतर मागे घेतली आणि कोर्टात निकाल क्वालकॉमच्या बाजूने लागला, पण क्वालकॉमकडे वकिलांची फौज आहे म्हणून ते टिकले. चिप डिझाइन करणाऱ्या एखाद्या छोट्या स्टार्टअपला अशी नोटीस आली तर तिथेच संपलं. म्हणून तुम्ही स्वतः चिप डिझाइन करणार असाल तर रिस्क-फाइव्हचं पारडं खरोखरच जड आहे. तुम्ही तयार चिप विकत घेऊन बोर्ड बनवणारे असाल तर हे भांडण तुमच्यापर्यंत येईस्तोवर बऱ्याच भिंती मध्ये आहेत.

रिस्क-फाइव्ह आणि सरकारं

रिस्क-फाइव्हची संस्था आधी अमेरिकेत होती, २०२० मध्ये ती स्वित्झर्लंडमध्ये नोंदवली गेली, कारण उघड आहे, सभासदांना एका देशाच्या कायद्याखाली राहायचं नव्हतं. २०२३ मध्ये अमेरिकेतल्या काही खासदारांनी, त्यात मार्को रुबिओ आणि मार्क वॉर्नर असे दोन्ही पक्षांचे लोक, सरकारला सांगितलं की चीन ह्या मोकळ्या तंत्रज्ञानाचा फायदा उठवतोय, काहीतरी करा. आता जे सगळ्यांसाठी छापून झालंय, लाखो लोकांनी उतरवून घेतलंय, ते परत घेता येत नाही. अमेरिकेच्या एक्स्पोर्टच्या नियमांतही जाहीर प्रसिद्ध झालेल्या माहितीला बहुतांशी सूट आहे. ही रिस्क-फाइव्हची खरी, टिकाऊ ताकद आणि ती कमी लेखू नये.

पण यादी हातात असून उपयोग काय, तिच्यापासून चिप करायची तर सॉफ्टवेअर टूल लागतात आणि त्यात सिनॉप्सिस, केडन्स आणि सीमेन्स ह्या तिघांचंच राज्य. २०२५ च्या मे अखेरीस अमेरिकेने ह्यांना चीनला टूल विकायला मनाई केली, जुलैच्या सुरुवातीला उठवली. महिनाभराचीच गोष्ट, पण त्या महिन्यात चीनमधला रिस्क-फाइव्हवाला आणि आर्मवाला दोघं एकाच रांगेत उभे होते. मोकळ्या यादीचा तिथे काडीचा फायदा नव्हता.

एकाच चिपमध्ये दोन्ही

कागदावरची तुलना पुरे. हातात घेऊन बघायचं असेल तर रास्पबेरी पायचा पिको २ हा छोटा बोर्ड घ्या, ऑगस्ट २०२४ मध्ये आलेला, पाच डॉलरचा. त्यातल्या आरपी२३५० चिपमध्ये दोन आर्म कॉर्टेक्स-एम३३ कोअर आहेत आणि दोन हझार्ड३ नावाचे रिस्क-फाइव्ह कोअर, १५० मेगाहर्ट्झ, रॅम तीच, पिन त्याच. एका वेळी दोनच कोअर चालतात, हवी ती जोडी निवडायची, एक आर्म एक रिस्क-फाइव्ह असंही चालतं. अर्डुइनोमध्ये (कोड लिहायच्या सॉफ्टवेअरमध्ये) मेन्यूतून आर्किटेक्चर बदला, परत कंपाइल करा, झालं. इतकी सरळ तुलना दुसरीकडे कुठे करायला मिळत नाही, म्हणून निर्णय घ्यायच्या आधी हे करूनच बघा असं मी सगळ्यांना सांगतो.

पंप स्टार्टरचंच उदाहरण घेऊ. तीन फेजचे व्होल्टेज, करंट एडीसीने (व्होल्टेजचा आकडा करणाऱ्या भागाने) वाचायचे, वर्ग करून बेरीज, मग वर्गमूळ, त्यावरून ड्राय रन (पाण्याशिवाय पंप चालणं) आहे का, फेज गेलाय का ते ठरवायचं आणि रिले पाडायचा. हे सगळं पूर्णांकात लिहिलं असेल तर दोन्ही कोअरमध्ये फरक जाणवत नाही. पण फ्लोट, म्हणजे दशांशातले आकडे, वापरले असतील (आणि आपण आळशीपणाने सगळीकडे फ्लोटच वापरतो) तर फरक लगेच दिसतो, कारण एम३३ मध्ये फ्लोटिंग पॉइंटचं हार्डवेअर आहे, हझार्ड३ मध्ये नाही, तिथे तेच गणित सॉफ्टवेअरने होतं. सिक्युअर बूटही (फक्त सही केलेलाच कोड चालू देणं) ह्या चिपवर फक्त आर्मच्या बाजूने आहे. पण हा दोष रिस्क-फाइव्हच्या यादीचा नाही, यादीत फ्लोटचा विस्तार आहे, ह्या कोअरमध्ये तो घेतलेला नाही एवढंच. आणि ह्याच चिपच्या सुरुवातीच्या स्टेपिंगला (आवृत्तीला) पुल-डाउन लावलेली इनपुट पिन मध्येच अडकून बसायची, ई-९ इरॅटा (कंपनीने कबूल केलेली चिपमधली चूक) म्हणून प्रसिद्ध आहे, तो त्रास दोन्ही आर्किटेक्चरला सारखाच होता. डेटाशीटच्या शेवटी लपलेली इरॅटाची पानं वाचणं हे आर्म की रिस्क-फाइव्ह ह्या वादापेक्षा जास्त कामाचं आहे हो.

खरा फरक रोजच्या कामात पडतो तो इंटरप्टमध्ये, म्हणजे चालू काम थांबवून तातडीचं काम आधी करायच्या सोयीत. कॉर्टेक्स-एम (आर्मची छोट्या चिपसाठीची मालिका) घेतली की कंपनी कुठलीही असो, इंटरप्ट कंट्रोलर तोच, एनव्हीआयसी, सिसटिक टायमर तोच, सीएमएसआयएसच्या (आर्मने ठरवून दिलेल्या सामायिक कोडच्या) हेडरमधली नावं तीच. इंटरप्ट आला की चालू कामाचे रजिस्टरमधले आकडे हार्डवेअर स्वतःच स्टॅकवर ठेवतं, त्यामुळे हँडलर (इंटरप्ट आल्यावर चालणारा कोड) म्हणजे साधं सी फंक्शन. एसटी सोडून एनएक्सपीवर गेलात तर पेरिफेरलचा (एडीसी, टायमर असल्या जोड भागांचा) कोड बदलतो, हा गाभा बदलत नाही. रिस्क-फाइव्हमध्ये छोट्या चिपवर ही शिस्त अजून बसलेली नाही. ईएसपी३२ बनवणाऱ्या एस्प्रेसिफचा इंटरप्टचा प्रकार वेगळा, सीएच३२ बनवणाऱ्या डब्ल्यूसीएचचा वेगळा, हझार्ड३ चा आणखी वेगळा. डब्ल्यूसीएचच्या चिपवर जलद इंटरप्ट हवे तर त्यांनी बदललेला कंपायलर वापरायला लागतो, नेहमीचा जीसीसी हा फुकटचा कंपायलर घेतला तर हँडलर वेगळ्या पद्धतीने लिहायचा. म्हणजे गंमत अशी होते की मोकळ्या आर्किटेक्चरवर जाऊन तुम्ही एका कंपनीला जास्त चिकटता. हे कोणी आधी सांगत नाही आणि मला ते फार महत्त्वाचं वाटतं.

टूलचं म्हणाल तर कायल हे कोड लिहायचं सॉफ्टवेअर ह्या दोघांत फक्त आर्मसाठी. जीसीसी, चुका शोधायचं ओपनओसीडी, फ्रीआरटीओएस आणि झेफर ह्या छोट्या ऑपरेटिंग सिस्टिम दोन्हीकडे व्यवस्थित चालतात. नोकरीसाठी शिकणाऱ्यांनी कॉर्टेक्स-एम आधी शिकावं, जुने-नवे बहुतेक प्रॉडक्ट त्यावरच आहेत. पण प्रोसेसर आतून कसा चालतो ते खरंच समजून घ्यायचं असेल तर हझार्ड३ चं व्हेरिलॉग (डिझाइनचा कोड) उघडं आहे, आयआयटी मद्रासच्या शक्ती ह्या रिस्क-फाइव्ह प्रोसेसरचं डिझाइन उघडं आहे, बसून वाचा. असं कॉर्टेक्सचं कुठे मिळायचं?

मग चिप येते कुठून

स्वस्त रिस्क-फाइव्ह म्हटलं की आज हाताशी काय येतं? ईएसपी३२-सी३, वायफाय आणि ब्लूटूथसकट, १६० मेगाहर्ट्झ, सुंदर चिप, कंपनी शांघायची. सीएच३२व्ही००३, दहा सेंटच्या आसपास, ४८ मेगाहर्ट्झ, १६ केबी फ्लॅश, २ केबी रॅम, कंपनी नानजिंगची. (हिच्यात गुणाकाराचं हार्डवेअरसुद्धा नाही, वरचं वर्ग-वर्गमुळाचं गणित तिच्यावर टाकायच्या आधी विचार करा, एलईडी आणि बटणाच्या कामाला मात्र उत्तम.) बीजिंगच्या गिगाडिव्हाइसने तर एकच चिप दोन्ही रूपांत काढली, जीडी३२एफ१०३ आर्मची आणि जीडी३२व्हीएफ१०३ रिस्क-फाइव्हची, पेरिफेरल जवळपास तेच. आता सांगा, भारत-चीन सीमेवर काही झालं आणि कस्टममध्ये माल अडकला तर ह्या दोघींत कुठली सुटेल? दोन्ही एकाच खोक्यात पडून राहतील.

चीनबाहेरही पर्याय येताहेत. जपानच्या रेनेसासने २०२४ मध्ये स्वतःच्या रिस्क-फाइव्ह कोअरचा मायक्रोकंट्रोलर काढला, इन्फिनिऑनने गाड्यांसाठी जाहीर केलाय. पण पुण्याच्या तापकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला जाऊन शंभर नग उचलावे इतक्या सहज ह्या मिळत नाहीत अजून. २०२१ च्या टंचाईत एसटीएम३२एफ१०३ मिळेनाशी झाली होती, मिळाली तर कितीतरी पट भावाने, त्यातही वरचं नाव खरवडून छापलेला डुप्लिकेट माल. ती टंचाई ज्यांनी पाहिली त्यांना दुसरा सप्लायर असणं म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको.

आणि राजकारण फक्त मोठ्या एआय चिपचं असतं असं समजत असाल तर २०२५ चं नेक्स्पेरिया प्रकरण बघा. डायोड, मॉस्फेट, लॉजिक असल्या साध्या, पैशात मोजायच्या वस्तू बनवणारी नेदरलँड्सची कंपनी, मालक चिनी. सप्टेंबर अखेरीस डच सरकारने जुना आणीबाणीचा कायदा वापरून कंपनीच्या कारभारात हात घातला, चीनने उलट कंपनीच्या चीनमधल्या कारखान्यातून निघणारा माल अडवला आणि युरोप-जपानच्या गाडी कंपन्यांना घाम फुटला. नोव्हेंबरमध्ये डच सरकारने तो आदेश स्थगित केला. तुमच्या बोर्डवर प्रोसेसर शुद्ध स्वदेशी असला तरी शेजारचा मॉस्फेट कुठला आहे ते बघितलंय का कधी?

आपलं सरकार काय म्हणतं

हा भाग लोक विसरतात. सीसीटीव्ही कॅमेरे विकायचे तर ९ एप्रिल २०२५ पासून सुरक्षेचे नियम लागू आहेत, हार्डवेअर, सॉफ्टवेअर, सोर्स कोडपर्यंत तपासणी. टेलिकॉम नेटवर्कमध्ये जाणाऱ्या उपकरणांना १५ जून २०२१ पासून विश्वासार्ह स्रोताची अट. सरकारी टेंडरला मेक इन इंडियाचं प्रमाण वेगळं. अशा ठिकाणी माल विकणार असाल तर 'आमची चिप रिस्क-फाइव्ह आहे' ह्याला काही किंमत नाही, चिप कोणाची, कुठली, फर्मवेअर अपडेट कोणाच्या हातात, हे विचारतात. शांघायची रिस्क-फाइव्ह तिथे अडेल आणि जिनिव्हाच्या एसटीची आर्म सुटेल असंही होऊ शकतं.

देशी रिस्क-फाइव्हबद्दल मला खरंच आशा आहे. एप्रिल २०२२ मध्ये सरकारने देशी रिस्क-फाइव्हसाठी डीआयआर-व्ही कार्यक्रम काढला, त्यात आयआयटी मद्रासचं शक्ती आणि सी-डॅकचं वेगा हे प्रोसेसर. वेगाची तेजस३२ ही चिप, १०० मेगाहर्ट्झ, २५६ केबी रॅम, एरीज नावाच्या बोर्डवर मिळते, अर्डुइनोतून चालते. ती भाजली मलेशियात, तेजस६४ मात्र मोहालीच्या सरकारी फॅबमध्ये. मद्रासमधूनच निघालेल्या माइंडग्रोव्हची सिक्युअर आयओटी चिप शक्तीवर बेतलेली, टीएसएमसीच्या २८ नॅनोमीटरवर. कॉलेजच्या प्रोजेक्टला, प्रोटोटाइपला ह्या जरूर घ्या. हजारोंच्या प्रॉडक्शनला घेण्याआधी मात्र लेखी विचारा की दहा वर्षं पुरवठा कराल का, किती आठवड्यांत द्याल, आणि उत्तर लेखीच घ्या. ऐकायला कडू वाटेल, पण देशी चिपवाल्यांना मोठं करायचं तर त्यांना गिऱ्हाईक म्हणून असेच प्रश्न विचारायला हवेत, टाळ्या पुष्कळ वाजवून झाल्या.

आपल्या पुण्याच्या सी-डॅकचाच इतिहास बघा ना. अमेरिकेने क्रे सुपरकॉम्प्युटर द्यायला खळखळ केली, १९८८ मध्ये संस्था उभी राहिली, विजय भटकरांच्या टीमने १९९१ मध्ये परम ८००० करून दाखवला. अभिमानाचीच गोष्ट. पण त्याच्या आत ब्रिटनच्या इनमॉसचे ट्रान्सप्युटर (एकमेकांना जोडून चालवायचे प्रोसेसर) होते. ते कुठल्या सरकारने बंद केले नाहीत, इनमॉस दुसऱ्या कंपनीने घेतली, पुढची चिप रखडली आणि ती जातच संपली. १९९८ चा परम १०००० सनच्या अल्ट्रास्पार्कवर होता. यंत्रं बदलत गेली, टिकलं ते माणसांचं ज्ञान. आणि आज तीच सी-डॅक औमसाठी आर्म घेते, वेगासाठी रिस्क-फाइव्ह. दोन्ही दारं उघडी ठेवलीत त्यांनी.

तर तुमचं काय?

ह्या वर्षात माल बाजारात न्यायचाय, हातात दोन-तीन माणसं आहेत, तर कॉर्टेक्स-एम घ्या आणि पीसीबीवर दुसऱ्या कंपनीची पिनला पिन जुळणारी चिप बसते का ते आत्ताच बघा. वायफाय लागतंय, घरगुती गिऱ्हाईक आहे, सरकारी टेंडर नाही, तर ईएसपी३२-सी३ किंवा वायफाय ६ हवं असेल तर सी६, किंमत बघता ह्यांना तोड नाही. कॅमेरा, मीटर, टेलिकॉम असेल तर आधी सर्टिफिकेटवाल्या लॅबशी बोला, मग चिप निवडा, उलटं करू नका. स्वतःची चिप करायचं स्वप्न असेल तर बेधडक रिस्क-फाइव्ह, आणि सरकारच्या डिझाइन लिंक्ड इन्सेन्टिव्ह ह्या चिप डिझाइनच्या योजनेत पात्र खर्चाच्या ५० टक्क्यांपर्यंत, एका अर्जाला १५ कोटींच्या मर्यादेत, परत मिळायची सोय होती, तिचे अर्ज आता घेतात का ते बघून ठेवा.

काहीही घेतलंत तरी पिन, एडीसी, टायमर, इंटरप्ट ह्यांचा कोड वेगळ्या फाइलमध्ये काढा, पंप कधी बंद करायचा हे ठरवणाऱ्या फाइलमध्ये चिप कंपनीचं एकही हेडर येऊ देऊ नका. आणि महिन्यातून एकदा तोच कोड पिको २ वर दोन्ही आर्किटेक्चरसाठी कंपाइल करून बघा, कुठे अडतं ते त्याच दिवशी कळेल.